सदोष माणसांचा लोभ : ‘पंचायत’ मालिकेतील विनोद

विनोदी कृतीतील पात्रे रसिकाला प्रिय होतात ती त्यांच्या गुणांमुळे की दोषांमुळे, हा प्रश्न जुनाच आहे. भरताने हास्याचे विभाव सांगताना विकृत वेष, विकृत आकार इत्यादींचा निर्देश केला. विकृतीने हसू का येते, याचे उत्तर तेथे मिळते. परंतु ज्याला हसावयाचे त्याच्याविषयी लोभ का उत्पन्न होतो, याचे उत्तर निराळे शोधावे लागते. चंदन कुमार यांनी लिहिलेली व दीपककुमार मिश्र यांनी दिग्दर्शित केलेली ‘पंचायत’ ही हिंदी मालिका त्या शोधास उपयुक्त ठरते. 2020 च्या एप्रिलमध्ये ती आंतरजालावरून प्रथम दाखविली गेली आणि 2025 पर्यंत तिची चार पर्वे झाली.

कथा साधी आहे. अभियांत्रिकीचा पदवीधर अभिषेक त्रिपाठी मनासारखी नोकरी न मिळाल्याने उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या फुलेरा या कल्पित गावी ग्रामपंचायतीचा सचिव होतो. त्याच्या ठायी शहरी तुच्छता आहे व स्वतःविषयीची कीवही आहे. इकडे गावचे प्रधानजी असे, की सचिवाने चाकांची खुर्ची विकत आणताच आपली प्रतिष्ठा उणावल्याचे शल्य त्यांना सलू लागते. हे दोष क्षुद्र आहेत आणि म्हणूनच ओळखीचे आहेत. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाची फजिती मराठी वाचकाला आपलीशी वाटली, तीही याच कारणाने.

तथापि येथे एक भेद आहे. चिमणरावाच्या भाबडेपणाचा भुर्दंड बहुधा त्याला व त्याच्या घरालाच पडतो. फुलेऱ्यातील मुख्य दोषाची किंमत मात्र सार्वजनिक आहे. प्रधानपदावर निवडून आल्या आहेत त्या मंजुदेवी. कारभार पाहतात त्यांचे पती ब्रिजभूषण दुबे, आणि ‘प्रधानजी’ ही हाकही त्यांनाच मारली जाते. 73 व्या घटनादुरुस्तीने, 1993 पासून, पंचायतींत किमान एकतृतीयांश जागा व पदे स्त्रियांसाठी राखली गेली; त्या तरतुदीला घरोघरी दिला गेलेला हा बगल-मार्ग होय. रघुवीर यादव यांनी उभा केलेला हा गृहस्थ इतका लोभस आहे, की त्याच्या हातून एका स्त्रीचा अधिकार हिरावला जात आहे, हे प्रेक्षक विसरू लागतो. लोभ विवेकाला असा गुंगवितो.

लेखकाला ही गुंगी ठाऊक असावी. पहिल्या पर्वाच्या अखेरीस 26 जानेवारीचे ध्वजवंदन येते आणि मंजुदेवींना राष्ट्रगीत येत नाही, या गोष्टीवर विनोद उभा राहतो. परंतु पाठ करण्याच्या त्या धडपडीत नीना गुप्ता यांचा चेहरा जे सांगतो, ते हसण्याजोगे नाही. अज्ञान तिचे असले, तरी ते राखण्यात सोय इतरांची होती. हसू येथे थांबत नाही. केवळ त्याची दिशा बदलते.

उपप्रधान प्रल्हाद याच्या बाबतीत हीच रीत अधिक खोल जाते. फैसल मलिक यांचा हा विधुर गडी प्रारंभी केवळ मैफलीतला सोबती आहे. 2022 च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्याचा एकुलता एक सैनिक मुलगा मारला जातो. हा आघात उपरा वाटत नाही, कारण हसता हसता प्रेक्षक त्या घरात कधीच वावरू लागलेला असतो. हास्य व करुण यांना येथे जोडते ते कथानकातील वळण नव्हे, तर सहवास. दुसऱ्या पर्वाला 2023 मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट वेब-मालिकेचा पुरस्कार मिळाला.

ध्वजवंदनाने मात्र गावाची रीत पालटत नाही. चौथ्या पर्वात मंजुदेवी निवडणूक हरतात व क्रांतीदेवी जिंकतात. परंतु त्यांच्याही मागे त्यांचा नवराच उभा असतो. मालिकेचा प्रामाणिकपणा येथे दिसतो. एका भल्या माणसाला हृदयपरिवर्तनाचे श्रेय देऊन मोकळे होणे सोपे होते. तिने तसे केले नाही. सदोष माणसावर लोभ जडावा, पण दोषाचे ओझे कोणाच्या माथी पडते, याची आठवण त्या लोभाने पुसू नये, एवढी अपेक्षा ही मालिका आपल्या प्रेक्षकाकडून करते.