मातीचा कल पाहून निवडलेला टायर

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या टेबलावर चांदीची एक छोटी आगगाडी आहे. मेजवानीत ती पाहुण्यांसमोरून मद्याच्या सुरया फिरवत असे. सुरई उचलली की गाडी थांबायची. तिची वाट रुळांनी आखून दिलेली होती. रिमोटवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीला रूळ नसतात. मातीच्या ट्रॅकवर तिची सगळी भिस्त चार टायरांवर असते.

अशा मोटारी पळवण्याचा छंद जगभर रुजवण्यात जपानच्या तामिया कंपनीचा मोठा वाटा आहे. तिने 1979 मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या बग्ग्या बाजारात आणल्या. पुढे 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे, खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराच्या विजेवरच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अशा बग्गीचं वजन दीड किलोच्या आसपास असतं. एवढ्या हलक्या गाडीत जोरकस मोटर बसवली आणि टायरने माती धरली नाही, तर चाकं नुसती जागच्या जागी फिरतात.

ग्वाल्हेरजवळ बानमोरला जेके टायरचा कारखाना आहे. रस्त्यावरचा टायर हवेवर चालतो आणि हजारो किलोमीटर टिकावा लागतो. बग्गीच्या चिमुकल्या टायरचं सगळंच वेगळं. त्यात हवा भरत नाहीत. आत फोमची कडी बसवतात. रिमला किंवा टायरला बारीक भोक ठेवलेलं असतं, म्हणजे उडीनंतर दबलेल्या टायरमधली हवा बाहेर निघून जाते. टायर रिमला सुपरग्लूने चिकटवतात. त्याआधी त्याची कड स्पिरिटने नीट पुसायची. साच्याचा तेलकटपणा राहिला, तर ऐन वळणावर टायर रिमवरून सुटतो.

निवडीची सुरुवात टायरच्या पृष्ठभागावरच्या दात्यांपासून होते. भुसभुशीत मातीत उंच आणि विरळ दाते हवेत. ते आत रुततात आणि गाडीला पुढे रेटतात. ठोकून घट्ट झालेल्या जमिनीवर तेच दाते वाकतात आणि गाडी डुलते. तिथे बुटके, दाटीवाटीचे दाते लागतात, कारण जितकं जास्त रबर जमिनीला टेकेल तितकी पकड चांगली. मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या बग्गीला पुढे बहुधा उभ्या धारांचे टायर लावतात. त्यांचं काम फक्त वळण धरण्याचं.

दुसरा प्रश्न रबराच्या मऊपणाचा. मऊ रबर चांगलं चिकटतं, पण लवकर झिजतं आणि तापलं की लिबलिबीत होतं. प्रो-लाइन कंपनीच्या टायरांवर ‘एम3’ म्हणजे मऊ आणि ‘एम4’ म्हणजे अतिमऊ.

ग्वाल्हेरच्या गाळाच्या मातीवर हा हिशेब ऋतूंप्रमाणे बदलेल. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो, जमीन टणक होते आणि वर धुळीचा थर बसतो. अशा वेळी धूळ कापून खालच्या टणक थरापर्यंत पोचणारे मध्यम उंचीचे, सुटे दाते आणि थोडं कडक रबर बरं. पावसाळ्यात दात्यांमधली जागा चिखलाने भरते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे चिखल झटकून टाकणारी विरळ नक्षीच कामाची. जानेवारीच्या थंडीत रबर आखडतं, म्हणून मऊ प्रकार निवडायचा.

एकाच दिवसातही ट्रॅक बदलतो. सकाळी पाणी मारलेली माती दुपारपर्यंत सुकते, आणि गाड्या वारंवार ज्या रेषेवरून जातात तिथे रबराचा काळसर, चकचकीत पट्टा उमटतो. म्हणून जाणकार शर्यतीआधी ट्रॅकवर चालून येतात, माती बोटांनी चुरून पाहतात, आणि प्रत्येक फेरीनंतर टायर तपासतात. दाते फक्त एका कडेने झिजले असतील, तर चाकं घसरत असावीत.

नव्याने या छंदात उतरणाऱ्याने महागड्या मोटरीवर खर्च करण्याआधी टायरांचे दोन संच घ्यावेत: एक भुसभुशीत मातीसाठी, एक टणक जमिनीसाठी. फेरीचा वेळ कमी होईल तो इथेच.