लॉट लागण्याआधी पाहायच्या गोष्टी

नोव्हेंबर २०२३मध्ये पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजचा आयपीओ आला आणि ७३ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. २००४मधल्या टीसीएसनंतर टाटा समूहातली कंपनी प्रथमच भागविक्रीला निघाली होती. शेअरची वरची किंमत ५०० रुपये, लॉट ३० शेअरांचा. ३० नोव्हेंबरला तो शेअर १,२०० रुपयांवर उघडला. ज्यांना लॉट लागला, त्यांच्या १५ हजारांचे पहिल्याच मिनिटाला ३६ हजार झाले. बाकीच्यांचे पैसे खात्यात जागच्या जागी मोकळे झाले.

हे ‘जागच्या जागी’ महत्त्वाचे आहे. पूर्वी अर्जासोबत चेक जोडावा लागे आणि शेअर मिळाले नाहीत तर परताव्याची वाट पाहण्यात आठवडे जात. आता रक्कम खात्यातच अडवून ठेवली जाते आणि तिच्यावर व्याजही चालू राहते. २०१६पासून सगळ्यांना हीच पद्धत सक्तीची आहे. डिमॅट खाते, पॅन आणि स्वतःच्या बँक खात्याला जोडलेला यूपीआय एवढ्यावर मोबाइलवरून अर्ज होतो. मात्र यूपीआयवर आलेल्या मँडेटला, म्हणजे रक्कम अडवण्याच्या विनंतीला, वेळेत मंजुरी दिली नाही, तर अर्ज बाद होतो. दुसऱ्याच्या बँक खात्यातून पैसे अडवले तरी तोच निकाल. डिसेंबर २०२३पासून विक्री बंद झाल्यावर कामकाजाच्या तिसऱ्या दिवशी शेअर बाजारात नोंदवला जातो, त्यामुळे पैसे फार काळ अडकत नाहीत.

दोन लाख रुपयांपर्यंतचा अर्ज करणारा तो किरकोळ गुंतवणूकदार. त्याने किंमतपट्ट्यातला आकडा निवडण्याऐवजी ‘कट-ऑफ’वर खूण करावी. मग शेवटी जी किंमत ठरेल, ती त्याला मान्य धरली जाते. मागणी प्रचंड असेल तेव्हा खाली बोली लावणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

गर्दीच्या आयपीओत जास्त लॉट मागून फायदा होतो, हा समज मात्र सोडून द्यायला हवा. अर्जदार उपलब्ध लॉटपेक्षा जास्त झाले की संगणकीय सोडत निघते आणि भाग्यवानाला एकच लॉट मिळतो. एक लॉट मागणारा आणि तेरा लॉट मागणारा इथे सारखेच. एकाच पॅनवर दोन अर्ज केले तर दोन्ही बाद. घरातल्या प्रत्येकाने आपापल्या पॅनवर, आपापल्या डिमॅटमधून आणि स्वतःच्या पैशांनी अर्ज करणे वेगळे. ते नियमात बसते. २००३ ते २००५च्या दरम्यान काही जणांनी हजारो बेनामी डिमॅट खाती उघडून छोट्यांचा वाटा लाटला होता आणि बाजार नियामक सेबीला कठोर कारवाई करावी लागली होती.

अर्ज करण्याची रीत तासाभरात कळते. खरा वेळ द्यायला हवा तो माहितीपत्रकाला. ते सेबीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि त्यात पहिल्यांदा पाहायचे ते पैसा कुठे जाणार हे. टाटा टेक्नॉलॉजीजची सगळी विक्री जुन्या भागधारकांच्या शेअरांची होती. कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही आला नाही. उलट, सप्टेंबर २०२४मध्ये पुण्याच्याच बजाज हाउसिंग फायनान्सने उभारलेल्या ६,५६० कोटींपैकी ३,५६० कोटी नव्या शेअरांचे होते, म्हणजे ते व्यवसायात गेले. जुन्या मालकाने हिस्सा विकणे वाईट नसते, पण तो कोण आणि किती विकतोय हे ठाऊक असावे.

नावाच्या दबदब्यावर विसंबणाऱ्यांनी एलआयसीचा मे २०२२मधला आयपीओ आठवावा. किंमत ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना ६० रुपये सवलत. तरीही मुंबई शेअर बाजारात शेअर ८६७ रुपयांवर उघडला. सवलतीत ८८९ रुपयांना घेणारेही तोट्यातच. नोंदणीआधीच शेअरांचे सौदे होतात त्या ग्रे मार्केटचे आकडे अशा वेळी कामाला येत नाहीत. तो बाजार अनधिकृत आहे आणि त्याची जबाबदारी कुणावरच नाही.

जोखमीची एक खूण मात्र माहितीपत्रकाच्या सुरुवातीच्या पानांतच सापडते. नफ्याचा नियमित इतिहास असलेल्या कंपनीत किरकोळ गुंतवणूकदारांना साधारणपणे किमान ३५ टक्के वाटा राखलेला असतो. तो इतिहास नसेल तर सेबी हा वाटा १० टक्क्यांवर आणते, म्हणजे जोखमीचा मोठा भार संस्थांनी उचलावा. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पेटीएमच्या आयपीओत छोट्यांसाठी १० टक्केच होते आणि कंपनीचा तोटाही माहितीपत्रकात छापलेला होता. २,१५० रुपयांना विकलेला तो शेअर पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी खाली बंद झाला.