सम्राट खरा की नाणं खोटं?

*एक सोन्याचं नाणं, त्यावर एका अनोळखी सम्राटाचा चेहरा आणि तीनशे वर्षांचा वाद. मायक्रोस्कोप आला, तरी भांडण मिटलेलं नाही!*

सीव्हीमध्ये एखादी न केलेली नोकरी घुसवणारा महाभाग प्रत्येक ऑफिसात एखादा तरी असतोच. पण अख्खा माणूसच बोगस असला तर? नाव आहे, डोक्यावर मुकुट आहे, ‘सम्राट’ असं दणदणीत डेसिग्नेशन आहे. रेफरन्स विचाराल, तर मोजकी सोन्याची नाणी! रोमच्या एकाही इतिहासकाराने या बॉसचं नाव घेतलेलं नाही.

याचं नाव स्पॉन्सियन. गोष्ट सुरू होते १७१३ मध्ये, ट्रान्सिल्व्हेनियात (हो, ड्रॅक्युलावालंच! आज ते रोमानियात आहे). तिथे काही विचित्र सोन्याची नाणी सापडल्याची नोंद व्हिएन्नाच्या शाही नाणेसंग्रहाचे अधिकारी कार्ल गुस्ताव हेरेउस यांनी हाताने लिहून ठेवली. पुढे ही नाणी युरोपभर पांगली. एक सिबिऊ शहरातल्या ब्रुकेंथाल म्युझियममध्ये आहे. दुसरं डॉ. विल्यम हंटर यांच्या संग्रहातून ग्लासगोच्या हंटेरियन म्युझियममध्ये पोहोचलं. १८६०च्या दशकात पॅरिसचे नाणेतज्ज्ञ आंरी कोएन यांनी निकाल दिला की, हा निव्वळ आधुनिक बनावटीचा माल आहे, तोही भिकार दर्जाचा. झालं! नाणं कपाटात गेलं आणि दीडशे वर्षं तिथेच पडून राहिलं.

आता कोएनसाहेबांना दोष द्यावा तर नाणं आहेच तसं. रोमन टांकसाळीत धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा घालत. त्यामुळे अक्षरांच्या कडा कशा कडक उठतात. हे नाणं मात्र साच्यात सोनं ओतून केलंय. ओतीव नाण्याचा चेहरा जरा साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा असतो, कडा गुळगुळीत, मऊ. आणि ओतकाम ही तर नकली नाणी करणाऱ्यांची सगळ्यात जुनी युक्ती! त्यात मजकूरही चमत्कारिक. ‘सम्राट स्पॉन्सियन’ असं लिहायचं सोडून ‘सम्राट स्पॉन्सियनचं’ असं लिहिलंय. मागच्या बाजूचं खांबाचं चित्र इसवी सन पूर्व १३५ मधल्या एका चांदीच्या नाण्यावरून उचललेलं. म्हणजे या सम्राटाच्या मानलेल्या काळाच्याही चारेकशे वर्षं आधीचं. आपल्या आजच्या नोटेवर कोणी आदिलशाही चिन्ह छापावं, तसला प्रकार.

मग २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे पॉल पिअरसन आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला आणि बॉम्ब पडला. गंमत म्हणजे पिअरसन हे नाणेतज्ज्ञ नव्हेत, भूवैज्ञानिक! त्यांनी स्पॉन्सियनचं नाणं आणि त्याच्यासोबतची सम्राट गॉर्डियन व फिलिप यांच्या नावाची तशीच संशयास्पद नाणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घातली. शेजारी तुलनेला अस्सल रोमन सोन्याची नाणी ठेवली. काय दिसलं? पृष्ठभागावर सगळ्या दिशांनी गेलेले बारीक ओरखडे. थैलीत इतर नाण्यांशी घासत, हातोहाती फिरत राहिलेल्या नाण्यावर पडतात तसे. आणि त्या ओरखड्यांच्या वर मातीचा थर, तोही खनिजांनी सिमेंटसारखा घट्ट बसलेला.

हा क्रम महत्त्वाचा आहे हं. आधी झीज, मग माती. म्हणजे नाणं आधी वापरात होतं, नंतर बराच काळ जमिनीत पुरलेलं होतं, आणि मग बाहेर आलं, असा पिअरसन यांचा युक्तिवाद.

मग हा स्पॉन्सियन कोण? टीमचा अंदाज असा, की इसवी सन २६० च्या दशकात, म्हणजे रोममध्ये सम्राट अपॉइंटमेंट लेटरची शाई वाळायच्या आत मारले जात होते त्या काळात, डेशिया हा प्रांत बाकी साम्राज्यापासून तुटला. तिथल्या सेनापतीने सूत्रं हातात घेतली. सोन्याच्या खाणी दाराशीच होत्या, पण प्रशिक्षित टांकसाळ नव्हती. सैनिकांना पगार तर द्यायलाच हवा! मग जमेल तसं ओतलं सोनं. सम्राट ऑरेलियनने पुढे २७० च्या दशकात हा प्रांत सोडूनच दिला.

थिअरी झकास आहे. सिनेमा निघेल! पण ब्रिटिश म्युझियममधले रोमन नाण्यांचे क्युरेटर रिचर्ड अ‍ॅब्डी यांना ती अजिबात पटली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता: नाणं आहे म्हणून सम्राट होता, आणि सम्राट होता म्हणून नाणं खरं, हा तर गोल गोल फिरणारा पुरावा झाला. इतर नाणेतज्ज्ञांनीही शंका काढल्या. झीज मुद्दाम आणता येते, नाण्याला माती फासता येते, अठराव्या शतकातले ठकसेन काही बावळट नव्हते.

मला विचाराल, तर पिअरसन यांचे ओरखडे मला पटतात, त्यांचा सेनापती नाही. कारण ‘अस्सल की नकली’ या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न दडलेत. नाणं जुनं आहे का, हा एक. आणि ज्याचं नाव त्यावर आहे त्यानेच ते पाडलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मायक्रोस्कोप कदाचित देईल. दुसऱ्याचं तो कसं देणार?

लांब कशाला, आपल्याकडचंच बघा. पहिल्या-दुसऱ्या शतकात व्यापारातून रोमन नाणी भारतात आली, तेव्हा इथल्या कारागिरांनी त्यांच्या हुबेहूब (आणि कधी अजिबात हुबेहूब नसलेल्या!) नकला केल्या. लॅटिन कोणाला येत होतं? अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकं मिळाली आहेत, गळ्यात घालायची. ही रोमन नाहीत, पण फसवणूकही नाही. आज कोणी हजारो वर्षं जुन्या त्या ‘डुप्लिकेट’ला कचरा म्हणेल का?

स्पॉन्सियनच्या चाहत्यांचा आशेचा किरण म्हणजे दुसरा एक ‘बोगस’ सम्राट, डोमिशियन. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन नव्हे, तिसऱ्या शतकात गॉलमध्ये बंड करणारा. त्याचं एक नाणं १९०० मध्ये फ्रान्समध्ये मिळालं होतं, आणि अनेक तज्ज्ञांनी ते खोटं म्हणून उडवून लावलं होतं. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या चालग्रोव्हजवळ एका शेतात मडकं सापडलं. आत सुमारे ५,००० नाणी, एकमेकांना घट्ट चिकटलेली. सुटी करता करता एकावर तोच डोमिशियन निघाला, त्याच ठशाचा! शंभर वर्षांनी बिचाऱ्याची नोकरी पक्की झाली.

फरक कुठे पडला? मडक्याने. नाणं कुठे, कोणासोबत, कोणत्या थरात सापडलं, याला मोल आहे. म्हणूनच या धंद्यात हल्ली नाण्याइतकेच कागद तपासले जातात, आणि तिथेही घोळ होतोच. ज्यूलियस सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रुटसने पाडलेलं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३० लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. नाणं अस्सलच. मालकीचा इतिहास मात्र बनावट निघाला, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कहून ते ग्रीसला परत गेलं.

स्पॉन्सियनकडे ना मडकं, ना थर. आज माहीत असलेली त्याची नाणी त्याच एका जुन्या गोतावळ्यातली मानली जातात, आणि तो नेमका कुठून निघाला हे हेरेउस यांच्या चिठ्ठीपलीकडे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ट्रान्सिल्व्हेनियातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला अजून एक मडकं लागेपर्यंत या सम्राटाचं प्रोबेशन चालूच राहणार.