फिट, पण कशासाठी?

चार्ल्स डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची आल्फ्रेड रसेल वॉलेसने वापरलेली प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात वॉलेसने ठिकठिकाणी ‘नॅचरल सिलेक्शन’ हे शब्द खोडून त्यांच्या जागी ‘सर्व्हायवल ऑफ द फिटेस्ट’ असे लिहून ठेवले आहे. दुसऱ्याच्या ग्रंथावर असा हात चालवणारा हा माणूस डार्विनचा टीकाकार नव्हता. उत्क्रांतीची तीच कल्पना त्याला मलाय द्वीपसमूहात स्वतंत्रपणे सुचली होती.

त्याची तक्रार साधी होती. ‘निवड’ म्हटले की निवडणारा आला. वाचक निसर्गाला डोळे-हात असलेली बाई समजतात आणि ती उत्तम ते वेचून घेते असे धरून चालतात. २ जुलै १८६६ रोजी त्याने डार्विनला लांबलचक पत्र लिहून सुचवले की, हर्बर्ट स्पेन्सरने दोन वर्षांपूर्वी वापरलेला शब्दप्रयोग घ्यावा, म्हणजे हा घोळ मिटेल. डार्विनचे उत्तर तीन दिवसांत आले. कल्पना पटली, पण अडचण व्याकरणाची होती: हा शब्दप्रयोग कर्ता म्हणून ठेवून पुढे क्रियापद चालवता येत नाही. तरीही १८६९च्या पाचव्या आवृत्तीत त्याने चौथ्या प्रकरणाच्या मथळ्यात दोन्ही नावे शेजारी शेजारी बसवली.

एक गैरसमज टाळण्यासाठी निवडलेल्या या शब्दाने पुढे त्याहून मोठा गैरसमज जन्माला घातला.

इंग्रजीत ‘फिट’ हे विशेषण मध्ययुगाच्या अखेरीपासून आहे आणि त्याचा अर्थ योग्य, साजेसे, जागेला बसणारे असा आहे. आपल्याकडे येणारी ‘फीट’, म्हणजे आकडी, हा निराळाच शब्द. गंमत अशी की, मूळचा अर्थ मराठीने नीट सांभाळला आहे. झाकण फिट बसते, कारखान्यात फिटर असतो. झाकण नुसते ‘फिट’ नसते, ते कुठल्यातरी डब्याला फिट असते. अंगाने धडधाकट हा अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात खेळाच्या मैदानातून रूढ झाला, आणि तिथेही आधी ‘शर्यतीसाठी फिट’ असेच म्हणायचे. ‘साठी’ हळूहळू गळाले.

डार्विन-वॉलेसच्या तोंडी हा शब्द जुन्याच अर्थाने होता. खुद्द डार्विनच्या ग्रंथातलेच उदाहरण पाहा. मदीरा बेटावर राहणाऱ्या ५५० जातींच्या भुंग्यांपैकी २०० जातींचे पंख इतके खुजे होते की त्यांना उडताच येत नव्हते. ही मोजदाद वोलॅस्टन या कीटकशास्त्रज्ञाची. डार्विनने त्याचे कारण सुचवले ते असे: वाऱ्याने झोडपलेल्या बेटावर जो भुंगा जास्त उडेल तो समुद्रात जाण्याची शक्यता जास्त. तिथे टिकला तो लुळ्या पंखांचा. हाच भुंगा मुख्य भूमीवर नेला तर कदाचित दोन पिढ्याही निघणार नाहीत. बलवान, चपळ, श्रेष्ठ यांतले एकही विशेषण त्याला लागत नाही. तो फक्त त्या बेटाला फिट आहे. मराठीत या सिद्धांताचे भाषांतर सर्रास ‘बळी तो कान पिळी’ असे केले जाते. म्हण चांगली आहे, पण मदीराच्या भुंग्याने कुणाचाही कान पिळलेला नाही.

आता स्पेन्सर. हा मूळचा रेल्वेतला इंजिनिअर, पुढे ‘द इकॉनॉमिस्ट’चा उपसंपादक, आणि विश्वापासून समाजापर्यंत सगळे एकाच नियमात बसवू पाहणारा तत्त्वज्ञ. सरकारने गरिबांच्या मदतीला धावू नये हे त्याचे मत ‘ओरिजिन’च्या आधीचे, १८५१ सालचे आहे. ते मत आणि हा शब्दप्रयोग एकाच माणसाचे असल्यामुळे लोकांनी दोन्ही एकत्र गिळले. अमेरिकेतल्या धनिकांना तो देवदूत वाटला. १८८२ साली न्यूयॉर्कच्या डेल्मोनिकोज हॉटेलात त्याला थाटाची मेजवानी झाली, तेव्हा त्याने यजमानांना सुनावले की तुम्ही फार राबता, जरा विसावा घेत जा!

आपल्याकडे स्पेन्सर वेगळ्याच वाटेने आला. आगरकरांच्या पिढीने मिल्लबरोबर त्याला वाचले ते व्यक्तिस्वातंत्र्यासाठी. साम्राज्यवादाला त्याचा कडवा विरोध होता, म्हणून श्यामजी कृष्णवर्मांना तो गुरुस्थानी वाटला. डिसेंबर १९०३ मध्ये लंडनला स्पेन्सरच्या अंत्यविधीच्या वेळीच श्यामजींनी ऑक्सफर्डमध्ये त्याच्या नावाची व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी १,००० पौंडांची देणगी जाहीर केली. दीड वर्षात त्यांनी लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी इंडिया हाऊस उघडले. टिळकांची शिफारस घेऊन सावरकर १९०६ साली पोचले ते तिथेच. पण देणगीच्या पैशाचे पुढे काय झाले, हे फारसे सांगितले जात नाही. १९०७ साली त्या व्याख्यानमालेत बोलायला उभे राहिले फ्रान्सिस गाल्टन, आणि विषय होता सुप्रजननशास्त्राचा पाया. हिंदी क्रांतिकारकाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या व्यासपीठावर माणसांत कोण वाढावे याचे गणित मांडले गेले.

गाल्टन डार्विनचा आतेभाऊ, असे आपण सोयीसाठी म्हणू. आजोबा एकच, आज्या दोन. ‘युजेनिक्स’, म्हणजे सुप्रजननशास्त्र, हा शब्द त्याने १८८३ साली घडवला, आणि त्याच्या वर्तुळात ‘अनफिट’ हे विशेषण न राहता माणसांच्या एका गटाचे नाव झाले. त्यानंतर ‘कशासाठी अनफिट?’ असे कोण विचारणार?

ब्रिटनमध्ये निदान एकदा तो प्रश्न विचारला गेला. बोअर युद्धाच्या भरतीत शहरी मजुरांची पोरे मोठ्या संख्येने नापास झाली, तेव्हा वंशच खालावला अशी ओरड झाली. सरकारी समितीने १९०४ साली अहवाल दिला आणि बोट दाखवले ते कोंदट घरे, भूक, घाण यांच्याकडे. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. कॅन्ससच्या जत्रेत १९२० साली गुराढोरांच्या स्पर्धेशेजारी ‘फिटर फॅमिलीज’ची स्पर्धा भरली. माणसांची कुटुंबे तपासून गुण देण्याची ती कल्पना पुढे इतर जत्रांतही गेली. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला आठ विरुद्ध एक मतांनी मान्यता दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांनी ‘उघड उघड अनफिट’ लोकांची पैदास थांबवणे समाजाच्या हिताचे ठरवले. याच होम्सनी १९०५ साली एका भिन्नमत निकालपत्रात बजावले होते की अमेरिकेच्या राज्यघटनेने स्पेन्सरचा ग्रंथ कायदा म्हणून स्वीकारलेला नाही. कॅरीची मुलगी व्हिव्हियन हिला तान्ही असतानाच मंदबुद्धी ठरवून तिसऱ्या पिढीचा पुरावा म्हणून वापरले गेले. ती शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीत आली आणि आठव्या वर्षी आजाराने वारली. त्या देशात अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली.

आपल्याकडे हे मोजमाप लष्करी भरतीत झाले. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या महार शिपायांची नावे कंपनी सरकारने स्तंभावर कोरली. १८९०च्या दशकात ‘लढाऊ जाती’चे खूळ बोकाळले आणि त्याच समाजाला भरतीची दारे बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१ साली मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. या सव्वाशे वर्षांत माणसांच्या छातीचे माप बदलले नव्हते, सरकारची गरज बदलत होती. स्वराज्याच्या ‘लायकी’चेही तेच. होमरूलच्या भाषणांतून टिळक विचारत राहिले की आम्ही लायक नाही हे ठरवणारे तुम्ही कोण. १९१९च्या कायद्याच्या प्रस्तावनेने प्रगतीची वेळ आणि रीत ठरवण्याचा हक्क ब्रिटिश पार्लमेंटकडेच ठेवला.

जीवशास्त्राने मात्र हा शब्द सोडला नाही, त्याला अंकात बांधला. हॉल्डेन आणि फिशर या जीवशास्त्रज्ञांच्या गणितात ‘फिटनेस’ म्हणजे विशिष्ट परिस्थितीत मागे राहणारी संतती, बाकी काही नाही. डोंगरावर ओझे वाहणारे दणकट खेचर या हिशेबात शून्य, कारण ते वांझ असते. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.

‘साठी’ न गाळता हा शब्द रोज वापरणारे एक खाते आपल्या देशात आहे: रेल्वे. तिथे डॉक्टर नुसते ‘फिट’ लिहीत नाहीत, ए-१ पासून सी-२ पर्यंत वर्ग लिहितात. ए-१ हा इंजिन चालवणाऱ्यांचा, नजरेच्या सर्वांत कडक कसोटीचा. त्या वर्गात जो बसत नाही तो खालच्या वर्गातल्या दुसऱ्या कामाला बसू शकतो. रेल्वेच्या बोलीत तो ‘डी-कॅटेगराइज’ होतो, निकामी होत नाही. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कुणाला काढून टाकता येणार नाही, जमेल असे दुसरे पद त्याच वेतनश्रेणीत द्यावे लागेल, हे आता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही लिहिलेले आहे.