पत्त्यावर पोचलेली गाणी

टपालवाल्याला काय काय ठाऊक असतं! कोणत्या घरी मनिऑर्डर येते, कोणत्या घरी नुसती तगाद्याची पाकिटं येतात आणि कोणत्या दारामागे कुणीतरी रोज उगाचच वाट पाहत उभं असतं, हे त्याला न विचारता कळतं. कथाकाराला लागणारा सगळा ऐवज त्याच्या पिशवीत तयार असतो. पण तो पत्र टाकतो आणि पुढच्या घरी जातो. लिहीत नाही.

अमेरिकेतल्या एका टपालवाल्याने मात्र लिहिलं. जॉन प्राइन त्याचं नाव. जन्म १९४६ चा, शिकागोजवळच्या मेवूड गावचा. सैन्यात असताना जर्मनीत गाड्या दुरुस्त केल्या, परतल्यावर टपाल वाटू लागला आणि चालता चालता मनातल्या मनात गाणी रचू लागला. १९७० साली ‘शिकागो सन-टाइम्स’चे चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एका छोट्या क्लबात त्याला ऐकलं आणि या गाणाऱ्या टपालवाल्यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्याची पहिली तबकडी निघाली. नाव साधंच, ‘जॉन प्राइन’. गाणी १३. बहुतेक ध्वनिमुद्रण मेम्फिसला झालं, साथीला एल्व्हिस प्रेस्लीबरोबर वाजवलेले कसबी वादक होते. लोकगीत आणि कंट्री यांच्या सीमेवरचं हे संगीत. पुढे ‘ऑल्ट-कंट्री’ म्हणून जो प्रवाह ओळखला जाऊ लागला, त्यातले अनेकजण प्राइनला आपला वडीलधारा मानतात.

आवाज म्हणाल तर किंचित घोगरा, गिटारची चाल सोपी. तानांची अपेक्षा ठेवून बसलात तर निराशा होईल. इथे ऐकायची ती गोष्ट.

‘सॅम स्टोन’ ही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची गोष्ट. गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा, छातीवर पदक आणि दुखणं विसरायला लावलेल्या मॉर्फिनची सवय. युद्धाबद्दल प्राइन एकही भाषण करत नाही. ध्रुवपदात तो त्या घरातल्या मुलाला बोलायला लावतो. घरातला पैसा कुठे जातो, एवढंच ते मूल सांगतं. माझी उभी हयात जमाखर्चात गेली, पण एका कुटुंबाचा इतका भेदक ताळेबंद मी पाहिलेला नाही.

‘डोनाल्ड अँड लिडिया’मधली लिडिया करमणुकीच्या यंत्रांच्या दुकानात गिऱ्हाइकांना सुटे पैसे मोजून देते. स्थूल, एकटी मुलगी. डोनाल्ड हा सैन्यातला साधा शिपाई, तोही एकटाच. दोघांचं प्रेम जमतं ते स्वप्नात, मैलोगणती अंतरावरून. प्रत्यक्ष भेट होतच नाही. कादंबरीकार म्हणून सांगतो, या दोघांना शेवटी भेटवण्याचा मोह आवरणं सोपं नाही. माझ्याच्याने तो आवरला नसता.

‘एंजल फ्रॉम माँटगोमेरी’त बोलते ती एक उतारवयाकडे झुकलेली बाई. नवरा कामावरून येतो आणि चकार शब्द बोलत नाही. स्वयंपाकघरात माश्यांची भुणभुण, बस्स. तरण्या पुरुषाने असं बाईच्या आवाजात गावं याचं तिकडे अनेकांना नवल वाटलं. आपल्याला तितकं वाटू नये. ज्ञानोबांच्या विरहिणी आणि आपल्या संतांच्या गौळणी ऐकतच आपण मोठे झालो. पुरुषाने बाईचं मन बोलून दाखवावं, ही वाट आपल्या पायाखालची आहे.

पण माझा जीव अडकला तो ‘हॅलो इन देअर’ या गाण्यात. म्हातारा नवरा बोलतो आहे. मुलं पांगली, एक युद्धात गेला. बायको मागच्या दाराशी बसून बाहेर बघत असते. कारखान्यातल्या जुन्या दोस्ताला फोन करावा असं त्याच्या मनात येतं, पण सांगायचं काय? नवीन काहीच घडलेलं नाही. लहानपणी प्राइन एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. तिथले काही वृद्ध जणू तो आपल्याला भेटायलाच आला आहे, अशा थाटात त्याच्याशी बोलत. ते त्याने मनात जपून ठेवलं आणि पंचविशीच्या आत हे गाणं लिहिलं.

बँकेत असताना मी अशी माणसं पाहिली. खात्यात एकही नवी नोंद नसताना पासबुक भरून घ्यायला येणारी. काउंटरवरच्या मुलीला वाटे, आजोबांना विसर पडतो. त्यांना सगळं नीट आठवत असे. पासबुक हे निमित्त. कुणीतरी नाव घेऊन “बसा” म्हणावं, एवढ्यासाठी ते दोन बस बदलून येत. आता पैसे मोबाइलवर कळतात. सोय झाली, यात शंकाच नाही. पण ते निमित्त गेलं.

‘पॅरडाइज’ हे गाणं प्राइनने वडिलांसाठी लिहिलं. आईवडिलांचं मूळ गाव केंटकीतलं पॅरडाइज. कोळशाच्या खाणकामाने तो मुलूख खरवडून काढला आणि गाव नकाशावरून पुसलं गेलं. मुळशी किंवा कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागणार नाही. प्राइनने एक आठवण सांगितली आहे. गाण्याची ध्वनिफीत त्याने घरी आणून वडिलांना ऐकवली, तेव्हा ते उठून शेजारच्या खोलीत गेले आणि अंधारात बसून राहिले. का, असं विचारल्यावर म्हणाले, गाणं ज्यूकबॉक्सवर लागलंय असं वाटावं म्हणून. मुलाचं कौतुक तोंडावर न करणारे असे बाप आपल्याकडे घरोघरी होते.

७ एप्रिल २०२० रोजी कोविडने प्राइन गेला. वय ७३. म्हातारी माणसं बंद दारांआड एकेकटी बसली होती, ते ते दिवस.

इंग्रजी उच्चार पहिल्या झटक्यात कळणार नाहीत. घरातल्या नातवाला सांगा, तो फोनवर गाणं लावून देईल, शब्दही काढून देईल. अडलं तर त्याला विचारा. अर्धा तास सहज जाईल, आणि तेवढा वेळ तो तुमच्याजवळ बसेल.