पायी पाहिलेले रान

इंदूर, देवास, ग्वाल्हेरकडील जुन्या मराठी घरांत गेले की दिवाणखान्यात एक छायाचित्र पुष्कळदा दृष्टीस पडते. आजोबा किंवा पणजोबा बंदूक टेकून उभे आहेत आणि पायाशी वाघ निपचित पडला आहे. आमच्या घरीही असे एक चित्र आहे. संस्थानी काळात रानाशी आपल्यातील मातब्बर घराण्यांचा परिचय झाला तो बहुधा असा, मचाणावरून किंवा हत्तीच्या पाठीवरून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पर्व संपविले. नंतरच्या पिढीच्या वाट्याला उघडी जीप आली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला हे चांगलेच झाले. पण रानाच्या मातीला पाय लागावयाचा तो राहूनच गेला.

ती उणीव भरून काढावयाची तर सातपुड्यास जावे. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाने गाडीतून खाली उतरण्यास सक्त मनाई असते. सातपुडा व्याघ्र प्रकल्पात मात्र वनखात्याचा माणूस बरोबर घेऊन, ठरवून दिलेल्या वाटांनी पायी हिंडता येते. इंदूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने पिपरियास उतरावे आणि मोटारीने मढई गाठावी. तवा धरणाच्या पाण्याने फुगलेली देनवा नदी नावेने ओलांडली की पलीकडे रान सुरू होते. पावसाळ्याचे तीन महिने, जुलै ते सप्टेंबर, हे रान बंद असते.

हा मुलूख आपल्याला अगदीच परका नाही. १८५८ च्या ऑक्टोबरात नर्मदा ओलांडून तात्या टोपे शिरले ते याच सातपुड्याच्या रांगांत. जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णन केले तेही याच डोंगरांचे. येथील बोरीचे रान तर १८६५ सालीच राखीव झाले होते.

आम्ही चौघे मार्च महिन्यात गेलो. आमचा वाटाड्या पन्नाशीचा, गोंड समाजातला. अंगावर खाकी कपडे, हाती केवळ एक काठी. त्याला आम्ही ‘दादा’ म्हणू लागलो. निघण्यापूर्वी त्याने हिंदीतून चार गोष्टी बजावल्या: एकामागे एक चालावयाचे, बोलावयाचे नाही, अत्तर लावले असेल त्याने मागे राहावयाचे, आणि काहीही समोर आले तरी पळावयाचे नाही. आमच्यापैकी एकाने विचारले, “दादा, बंदूक नाही?” तो हसून म्हणाला, “साहेब, बंदूक असली की माणूस कान बंद ठेवतो.”

त्याचा अर्थ पुढे कळला. गाडीत बसले की डोळे तेवढे वाघ शोधीत असतात. पायी चालताना सारे अंगच जागे होते. मगरीच्या पाठीसारखी साल असलेल्या ऐनाच्या बुंध्यावर दादाने नखांचे ओरखडे दाखविले. अस्वल येथून वर चढले होते, पोळ्यातल्या मधासाठी. धुळीत एक ठसा होता, अनवाणी माणसाच्या पावलासारखा. पण बोटांपुढे नखांच्या खुणा होत्या. अस्वलाचा मागचा पाय! वानर खोकले की दादा थांबे, पण चेहऱ्यावर काही दिसत नसे. एकदा दूरवर सांबर ओरडले तेव्हा मात्र तो बराच वेळ उभा राहिला. चितळ पुष्कळदा उगाच घाबरते, सांबर सहसा खोटे बोलत नाही, असे त्याचे मत.

मोहाची फुले गळत होती. त्या गोडसर वासात चालत असता दादाने एकाएकी हात वर केला. मग चिमूटभर धूळ उचलून बोटांतून सोडली. ती आमच्याकडे उडाली. वारा समोरून होता. तीस-चाळीस पावलांवर एक अस्वल वारूळ उकरीत होते. माती उडत होती, आणि मुंग्या ओढून घेतानाचा त्याचा फुरफुराट स्पष्ट ऐकू येत होता. अस्वलाची नजर अधू, नाक मात्र तीक्ष्ण. ते अचानक दचकले तर अंगावर येते. आम्ही झाडासारखे उभे राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. नंतर ते डुलत डुलत झाडीत निघून गेले. स्वतःच्या छातीची धडधड इतकी स्पष्ट आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती.

परतताना एक विस्तीर्ण गवताळ माळ लागला. पलीकडे गवे चरत होते. मधोमध आंब्याची जुनी झाडे आणि एक पडका चौथरा होता. रानात आंबे रांगेने कसे उगवले, असे आम्ही विचारले. “लावले म्हणून,” दादा म्हणाला. “इथे आमचे गाव होते. त्या झाडाच्या बाजूला आमचे घर.”

या प्रकल्पातील कितीतरी गावे गेल्या काही दशकांत बाहेर नेऊन वसविली गेली. शेते होती तेथे गवत वाढले आणि गवतामागून चितळ-गवे आले. वाघास जागा मिळाली ती अशी. दादाला बाहेर जमीन मिळाली आहे, मुलांना शाळा जवळ आली आहे. तो तक्रार करीत नव्हता. पण चौथऱ्यापाशी येताच त्याने चपला काढल्या आणि देवाला हात जोडले. आम्हीही काढल्या. वाघ वाचला म्हणून शहरात आपण आनंद मानतो. त्याची किंमत कोणी आपल्या अंगणाने मोजली हे गाडीतून जाताना आम्हाला कधीच दिसले नसते.

वाघ दिसला नाही. त्याची रुखरुखही वाटली नाही.

घरी आल्यावर दिवाणखान्यातले ते चित्र पुन्हा पाहिले. पणजोबांच्या मागे, चौकटीच्या अगदी कडेला, मुंडासे बांधलेला एक मनुष्य काठी घेऊन उभा आहे. माग त्यानेच काढला असणार. वाराही त्यानेच पाहिला असणार. पणजोबांनी त्या दिवशी कोणते जाकीट घातले होते हे आमच्या घरात अजून सांगतात. त्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.