एकच ठोका सोळा वेळा

घरी गाणं करायला बसलेल्या माणसाने ड्रमचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहावी. त्याची मोफत किंवा चाचणीची आवृत्ती उतरवून घ्यावी आणि तिच्यात बंद हाय-हॅटचे सोळा ठोके एका ओळीत, अगदी सारख्या जोराने लिहावेत. किक नको, स्नेअर नको, गिटारही नको. डोळे मिटून नुसते ते सोळा ठोके ऐकावेत.

काही सॉफ्टवेअरमध्ये ते शिवणयंत्रासारखे येतील, प्रत्येक ठोका आधीच्याची हुबेहूब नक्कल. काहींमध्ये मात्र वाटेल की खोलीत कुणीतरी हातात काठी घेऊन बसलं आहे. खरा वादक तोच ठोका दोनदा वाजवूच शकत नाही. काठी केसभर इकडेतिकडे पडते, मनगटाचा कोन बदलतो, झांज आधीच्या ठोक्याने अजून थरथरत असते. आपले कान हा फरक मोजत बसत नाहीत, पण तो नसला की लगेच ओळखतात. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच जोराचा ठोका पाच-सहा वेळा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो आणि ती रेकॉर्डिंग आळीपाळीने वाजतात. याला राउंड रॉबिन म्हणतात. जाहिरातीत ड्रमसेट किती, झांजा किती हे ठळक छापलेलं असतं, राउंड रॉबिनचा आकडा मात्र सहसा कुठेतरी खाली असतो. मी तो आधी शोधतो.

दुसरी चाचणी स्नेअरची. संगणक आणि वाद्यं एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती मिडी ही भाषा १९८३ सालची, आणि तिच्यात ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहितात. स्नेअरचे ठोके १० पासून चढत्या जोराने १२७ पर्यंत लिहा आणि ऐका. मध्येच कुठेतरी अंधारात पायरी चुकावी तशी आवाजाने उडी घेतली, तर तो दोन थरांमधला सांधा आहे. थर म्हणजे हलका, मध्यम, जोरकस असे वेगवेगळ्या ताकदीने वाजवून घेतलेले ठोके. थर जितके जास्त, तितकी उडी लहान.

या चाचणीत माझं सगळं लक्ष १० ते ४५ या टप्प्यावर असतं. हळू वाजवलेली स्नेअर ही जोरकस स्नेअरची लहान आवृत्ती नव्हे, तो वेगळाच आवाज आहे. हलक्या ठोक्यात कातड्याचा नाद कमी येतो आणि खालच्या बाजूला ताणून बसवलेल्या तारांची कुजबुज जास्त येते. मुख्य ठोक्यांच्या मध्ये वादक हे बारीक ठोके पेरत जातो, इंग्रजी गाण्यातले लोक त्यांना घोस्ट नोट म्हणतात. तबलजी ठेका भरतो म्हणजे नेमकं काय करतो हे ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. स्वस्तात केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोरकस ठोक्याचाच आवाज बारीक करून हळू ठोका म्हणून वाजवतात. मोठ्या, गर्जणाऱ्या रॉकमध्ये ते खपून जातं. भावगीताच्या मागे ड्रम ठेवायचा असेल, तर पहिल्याच कडव्यात उघडं पडतं.

आता ही सॉफ्टवेअर इतकी जागा का खातात, ते एकदा हिशेब करून पाहू. एका स्नेअरचा एकच प्रकारचा ठोका घ्या. त्याचे १२ थर, प्रत्येक थरात ६ पर्याय, म्हणजे ७२ ठोके. प्रत्येक ठोका ८ मायक्रोफोनमधून घेतला, म्हणजे ५७६ फायली. दर सेकंदाला ४४,१०० नमुने आणि २४ बिट या दर्जाने दोन सेकंदांची एक फाईल सुमारे २६५ किलोबाइट होते. एकूण झाले साधारण १५० एमबी. हा फक्त मधोमध पडलेला ठोका. कडेवरचा वेगळा, काठी आडवी ठेवून टकटक केलेला वेगळा, आणि झांजांचा नाद तर दोन सेकंदांत मिटतच नाही. १९८० साली रॉजर लिन यांनी लिन एलएम-१ हे खऱ्या ड्रमचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हा त्यात क्रॅश आणि राइड या मोठ्या झांजा नव्हत्याच. इतका लांब नाद साठवायला लागणारी मेमरी तेव्हा परवडणारी नव्हती. आज सुपीरियर ड्रमर ३ या सॉफ्टवेअरचा पूर्ण साठा २३० जीबीच्या आसपास जातो.

पण मोठा साठा म्हणजे तुमच्यासाठी चांगला साठा, असं धरून चालू नका. सुपीरियर ड्रमर ३ चे आवाज जॉर्ज मॅसनबर्ग या नामांकित ध्वनिमुद्रकाने बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत घेतले आणि ते मुद्दाम कच्चे ठेवले आहेत. भाजी निवडून, धुऊन, चिरून दिली आहे, फोडणी तुम्ही द्यायची. ज्याला मिक्सिंग येतं त्याच्यासाठी ही चैन आहे. सुपीरियर ड्रमर बनवणाऱ्या कंपनीचंच इझीड्रमर उलट बाजूने येतं. त्यातला किक-स्नेअर आधीच तयार केलेला असतो, गाण्यात ठेवला की बसतो. मिक्सिंग शिकायला नुकती सुरुवात केलेल्या माणसाने कच्चा साठा घेतला तर चार महिने स्नेअरशी झुंजण्यात जातात आणि गाणं राहून जातं. मी स्वतः त्यातून गेलो आहे, म्हणून कळकळीने सांगतो.

मायक्रोफोनचा मुद्दा आला आहे, तर तिथे जरा थांबू. ड्रमचं रेकॉर्डिंग करताना प्रत्येक वाद्याजवळ एक मायक्रोफोन असतो, डोक्यावर दोन, आणि खोलीत लांबवर आणखी काही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाची वेगळी पट्टी दिसते. चाचणी आवृत्तीत पहिल्यांदा ऐकताना आवाज जो भव्य वाटतो, तो बहुतेक वेळा खोलीतल्या मायक्रोफोनचा असतो. आपण गाणं रेकॉर्ड करतो ते मात्र दहा बाय बाराच्या खोलीत, गादीला गादी टेकवून आणि कपाट उघडं ठेवून. गायिकेचा गळा आपल्या कानाशी असतो, आणि मागे उंच छताच्या मोठ्या हॉलमधले ड्रम. गायिका घरात आणि वादक सभागृहात, असं ते गाणं ऐकू येतं. म्हणून खोलीची पट्टी पूर्ण खाली ओढा आणि मग सेट कसा वाजतो ते पाहा. जवळच्या मायक्रोफोनवरही जो सेट जिवंत वाटतो, तो घरच्या गाण्याला उपयोगी पडतो. खोली नंतर चिमूटभर वाढवता येते.

उघड्या आणि बंद हाय-हॅटचं नातंही तपासा. उघड्या हाय-हॅटचा नाद चालू असताना बंद ठोका आला, तर आधीचा नाद तिथेच तुटायला हवा, कारण त्या दोन्ही आवाजांमागे झांजांची जोडी एकच आहे. कुठल्या ठोक्याला मिडीचा कुठला क्रमांक दिला आहे, तो नकाशाही पाहा. सर्वमान्य नकाशात किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२ आणि उघडी ४६ या क्रमांकावर असते. सॉफ्टवेअर हा नकाशा पाळत असेल, तर पुढे ते बदललं तरी लिहिलेला ठेका फुकट जात नाही. एक गोंधळ आधीच सांगून ठेवतो. ३६ या क्रमांकालाच कुठे सी-१ म्हणतात, कुठे सी-२, त्यामुळे स्वराच्या नावावर न जाता आकडा पाहा.

कीबोर्डवर किंवा पॅडवर बोटांनी ठेका वाजवणार असाल, तर विलंबाचा विचार करावा लागतो. संगणक आवाज तुकड्या-तुकड्यांनी बाहेर सोडतो. तुकडा १०२४ नमुन्यांचा असेल तर तेवढ्यानेच २३ मिलिसेकंद जातात. आवाज हवेतून मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटीमीटर जातो, तेव्हा हे म्हणजे आपलाच तबला आठ मीटरवर ठेवून वाजवण्यासारखं झालं. २५६ नमुन्यांवर तेच अंतर दोन मीटर होतं, त्यात हात रमतो. पण तुकडा लहान केला की संगणकाला धाप लागते, आणि साठा जड असेल तर आवाज फुटायला लागतो. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर म्हणूनच मध्यम साठा बरा. माउसने एकेक ठोका मांडत बसणाऱ्याला ही काळजी नाही.

तयार ठेक्यांची मोठी पेटी बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर येते. तिथे आपल्याला एक गोष्ट खास पाहावी लागते. त्यातले बरेचसे ठेके चारच्या मापाचे आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअर मारणारे असतात. केहरव्यातल्या गाण्याला त्यातले काही थोड्या बदलाने चालतात. आपली दादऱ्यातली गाणी मात्र सहाच्या झोक्यावर असतात, म्हणून सिक्स-एटचे ठेके किती आहेत आणि त्यात हळुवार किती, हे मोजून घ्या. ते चारपाचच सापडले, तर पेटीत हजार ठेके असूनही तुमच्यासाठी ती रिकामी आहे.

पैसे न घालता सुरुवात करायची असेल तर मॅकवाल्यांकडे गॅरेजबँड आहेच, आणि त्यातला ड्रमर बराच समजूतदार आहे. इतरांसाठी एमटी पॉवर ड्रमकिट २ किंवा स्टीव्हन स्लेट ड्रम्सची मोफत आवृत्ती. त्यांच्यावर दोन-तीन गाणी पूर्ण करा. तुम्हाला काय कमी पडतं ते त्या गाण्यांतूनच कळेल, हळू ठोके, झांजा, की ठेके. विकत घेण्याची वेळ त्यानंतरची. माझं मत विचाराल तर पहिली खरेदी इझीड्रमर किंवा ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ या तोलाची असावी, आणि एका वेळी एकच सेट.

इथवर ड्रमसेटचं झालं. पण मराठी गाणं करणाऱ्या घरात दुसरा प्रश्न येतोच, ढोलकीचं काय? स्वरप्लगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय वाद्यांचे आवाज मिळतात आणि साध्या ठेक्याला ते कामाला येतात. अडचण मुळात आहे. ड्रमवर काठी पडते आणि सुटते, ठोका तिथे संपतो. ढोलकीच्या डाव्या पुडीवर थाप पडल्यानंतर तळहात दाबत सरकतो आणि स्वर वर चढतो. म्हणजे थाप पडून गेल्यावरही वादक तिला वळण देत असतो. आधी रेकॉर्ड केलेल्या ठोक्यात ते वळण एकदाच आणि एकाच लांबीचं गोठलेलं असतं, गाण्याची लय बदलली तरी ते बदलत नाही. सोळा ठोक्यांची चाचणी इथे लावली, तर चांगलं सॉफ्टवेअरही सहसा चौथ्या थापेला पकडलं जातं.

त्यात स्वराची भर. ड्रमसेट कुठल्याही पट्टीच्या गाण्याला चालून जातो, ढोलकीची उजवी पुडी मात्र गायकाच्या स्वराला मिळवलेली लागते. काळी एकमध्ये घेतलेला बोल काळी दोनला चढवला, तर तो दोन अर्धस्वर वर जातो. सरळ वेग वाढवून चढवल्यास त्याचा नाद सुमारे ११ टक्के आखूड होतो, आणि वाद्य लहान मुलांच्या खेळण्यासारखं वाजायला लागतं. म्हणून भारतीय तालवाद्यांचा साठा घेताना तो कुठल्या कुठल्या पट्टीत मूळ रेकॉर्ड केला आहे, हे आधी पाहा.

लावणीचा किंवा गणपतीच्या गाण्याचा विचार असेल, तर मी सॉफ्टवेअरवर न थांबता ढोलकीवाल्याला घरी बोलावतो. दोन्ही पुड्यांपासून हातभर अंतरावर एकेक मायक्रोफोन, पंखा बंद, आणि कानात नुसत्या क्लिकऐवजी गायलेला मुखडा. ड्रमसेट त्यानंतर लिहायला बसतो, आणि ढोलकीचा खालचा स्वर जिथे जिथे वर चढत जातो, तिथली किक पुसून टाकतो.